बिअर्डेड ड्रॅगनच्या पेटीत तळाला काय घालावं? (बेळगाव, पावसाच्या आत करायचं आहे)

टिळकवाडीची_अक्का | 18 मे, रात्री 10:20

नमस्कार मंडळी. आमच्याकडे वर्षभरापासून बिअर्डेड ड्रॅगन (पाळीव सरड्याची एक जात) आहे. नाव गुंडू, वय साधारण 14 महिने, नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत 18 इंच. आतापर्यंत तीन फुटी काचेच्या टँकमध्ये वर्तमानपत्र घालून ठेवला होता. आता ओळखीच्या सुतारानं प्लायची नवी पेटी करून दिली आहे. 4 फूट लांब, 2 फूट रुंद, 2 फूट उंच, पुढे सरकत्या काचा. पेटी झकास झाली आहे, अडलंय ते तळाचं.

सुरुवातीला दुकानदारानं 'कॅल्शियम सँड' दिली होती. पोटात गेली तरी विरघळते, उलट कॅल्शियमच मिळतं, असं सांगून. मी विश्वास ठेवला. गुंडू तेव्हा वीतभर होता. धुतलेल्या मेथीच्या पानांना ती वाळू चिकटायची आणि तो पानासकट गिळायचा. माझ्या डोळ्यांदेखत गिळायचा, आणि मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मग चार दिवस शी नाही, दिव्याखाली यायचं सोडून गार कोपऱ्यात डोळे मिटून पडलेला. कोल्हापूरला एका डॉक्टरांकडे घेऊन गेले. एक्स-रेत पोटभर पांढरा पट्टा दिसला, तो अजून डोळ्यांसमोरून जात नाही. आठवडाभर उपचार चालले, वाचला. त्या दिवसापासून वर्तमानपत्रच.

पण नवीन पेटीत कायमचं काहीतरी करावं म्हणते. कागदावर तो पळाला की कागद सरकतो, आणि नखंही फार वाढली आहेत. घराचं काम करणारे गवंडीमामा म्हणाले, शहाबादी फरशी आणा, अर्ध्या दिवसात सिमेंटमध्ये बसवून देतो. फरशी, व्हिनाइल, कार्पेट, माती, कुणी काय वापरलंय ते सांगा. जूनच्या आत उरकायचं आहे, एकदा पाऊस लागला की प्लाय, सिलिकॉन काहीच वाळत नाही.

---

शहापूरकर | 18 मे, रात्री 11:05

अक्का, सिमेंट अजिबात नको. घराची जमीन आणि प्लायची पेटी यात फरक आहे. सिमेंटचं पाणी प्लाय पिऊन घेतो आणि फुगतो. पुढे एखादी फरशी खालून घाण झाली तर काढता येत नाही, फोडावीच लागते.

वजनाचंही बघा. 4 बाय 2 फुटांची 20 मिमी जाड शहाबादी म्हणजे जवळजवळ 39 किलो. तेवढ्याच जागेला 8 मिमीची साधी सिरॅमिक टाइल 13-14 किलोत बसते. शहाबादी वाईट नाही, माझ्याकडे तीच आहे. पण माझी पेटी लोखंडी स्टँडवर आहे. तुमची कशावर बसणार आहे?

---

टिळकवाडीची_अक्का | 19 मे, सकाळी 7:40

लाकडी टेबलावर, शहापूरकर. सागवानी आहे पण आजेसासऱ्यांच्या वेळचं. 39 किलो फरशी, वर पेटी, वर दगड. नाही पेलणार.

---

खानापूरचा_जांभा | 19 मे, दुपारी 1:15

माझा अनुभव आधी कार्पेटचा. रेप्टाइल कार्पेट म्हणून हिरवी गादीसारखी मिळते ती. दिसायला छान, पण तिच्या धाग्यात नख अडकतं. माझ्या मादीचं मागच्या पायाचं एक नख असंच मुळापासून उपटलं. त्यात खानापूरचा पाऊस. जुलैत धुतलेला शर्ट तीन दिवस वाळत नाही आमच्याकडे, कार्पेट कुठलं वाळणार? शी पडली की वरचं पुसलं जातं, आतलं तसंच राहतं. वास यायला लागला तेव्हा काढून टाकलं. या प्राण्यांच्या शीमध्ये साल्मोनेला नावाचा रोगजंतू असू शकतो. घरात लहान मूल असेल तर कार्पेटचा विचारही करू नका.

नंतर दोन वर्षं व्हिनाइल, उरलेल्या फ्लोअरिंगचा तुकडा. पुसायला सोपं, हलकं, स्वस्त. मात्र दिव्याच्या बाजूला वास सुटायला लागला आणि कडा वर आल्या. कडेखाली पाणी गेलं आणि पहिल्याच पावसाळ्यात खालच्या प्लायला काळी बुरशी. वरून काही कळत नव्हतं. उचलून बघितलं तेव्हा हातभर लांब पट्टा काळा पडलेला.

म्हणून सांगतो, खाली काहीही घाला, आधी प्लाय बंद करा. वॉटर-बेस पीयूचे (पॉलियुरेथेन वार्निशचे) तीन हात द्या आणि पेटी निदान आठवडाभर उघडी ठेवा. नाक आत घालून वास घ्यायचा, जराही आला तर जनावर आत सोडायचं नाही.

---

निपाणीची_माती | 19 मे, रात्री 9:30

मी वेगळं बोलणार आहे, रागावू नका.

अक्का, तुमच्या गुंडूला झालं ते वाईटच. कॅल्शियम सँड कुणीही वापरू नये, ती ओली झाली की गोळा होते आणि कॅल्शियमच्या चवीनं जनावर ती मुद्दाम चाटतं. पण त्यावरून 'सुटी माती म्हणजे मरण' असं धरू नका. आतडं तुंबायची कारणं बहुतेक वेळा बरीच आधीची असतात. बास्किंगची, म्हणजे दिव्याखाली अंग शेकायची, जागा पुरेशी तापत नसते म्हणून अन्न पचत नाही, अंगात पाणी कमी असतं, कॅल्शियम आणि यूव्हीबी (उन्हातले अतिनील किरण) कमी म्हणून आतड्याच्या स्नायूंत जोर नसतो, नाहीतर पोटात जंत असतात. अशा जनावराला किडा जरा मोठा गेला तरी तुंबतं. तुम्ही तेव्हा तापमान कशानं मोजत होता?

हे प्राणी मूळचे ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या मुलखातले. तिथली जमीन म्हणजे वाळूचे ढीग असं आपण समजतो, पण पुष्कळ ठिकाणी ती कडक, लाल, चिकणमातीची असते. उकरायचं, अंग गाडून घ्यायचं, ही त्यांची उपजत सवय आहे. फरशीवर ते सुख नाही.

माझ्याकडे मोठ्या नराला तळाला चार इंच माती आहे. खानापूरकडची तांबडी माती दोन भाग, नदीची धुतलेली बारीक वाळू एक भाग. पाणी शिंपडून थापी मारून बसवली आणि दोन आठवडे कडक वाळवली, पाऊल उमटत नाही एवढी घट्ट. बांधकामाची एम-सँड (दगड दळून केलेली वाळू) घेऊ नका, तिचे दाणे टोकदार असतात आणि भुकटी उडते. आपली काळी मातीही नको. ओली झाली की चिकट, वाळली की भेगा, त्या भेगांत किडे लपतात. आणि उसाच्या किंवा तंबाखूच्या शेतातली तर कुठलीच नको, औषधं मारून मारून ती माती काय झालेली असते ते आम्हा निपाणीकरांना विचारा.

---

शहापूरकर | 19 मे, रात्री 10:10

निपाणीकर, पटतं. पण बेळगावच्या जुलैत चार इंच माती कोरडी ठेवून दाखवा. तुमच्याकडे पाऊस आमच्यापेक्षा कमी. बाहेरची हवा ऐंशी-नव्वद टक्के दमट असते, बिअर्डीला 30-40 टक्के हवी. माती ओल धरते, फरशी पुसली की कोरडी.

---

निपाणीची_माती | 19 मे, रात्री 10:25

हे मान्य. बेळगाव, खानापूरला तळभर माती मीही घालायला सांगणार नाही. एका बाजूला मातीची पेटी ठेवा मात्र. ते विसरू नका.

---

अथणीकर_नवा | 20 मे, सकाळी 9:00

मी नवीन आहे. आमच्या शेतात घोरपडीचं पिल्लू दिसतं कधीकधी, तिलाही असंच फरशीवर ठेवता येईल का?

---

खानापूरचा_जांभा | 20 मे, सकाळी 9:20

नाही दादा, हात लावू नका. घोरपड वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या पहिल्या परिशिष्टात आहे, वाघाच्या बरोबरीनं. पाळणं, पकडणं, विकणं, सगळा गुन्हा. शेतात आहे ती शेतातच बरी, उंदीर खाते, तुमचं भलंच करते. इथे चाललंय ते पिढ्यान्‌पिढ्या बंदिस्त जागेत वाढलेल्या प्राण्याबद्दल, आणि त्याचीही खरेदीची पावती ठेवलेली बरी.

---

टिळकवाडीची_अक्का | 20 मे, दुपारी 3:30

निपाणीकर, तुमचा प्रश्न मनाला लागला. तेव्हा मी काचेला चिकटवायच्या गोल थर्मामीटरवर विसंबून होते. तो 35 दाखवायचा. नंतर इन्फ्रारेड गन घेतली तेव्हा कळलं की बसायचा दगड जेमतेम 30 आहे. म्हणजे वाळू होतीच, पण पचवायला ऊबही नव्हती. दोन्ही माझ्याच हातून झालं.

टाइल घ्यायचं ठरवते आहे. कुठली?

---

चिकोडीचा_फिटर | 20 मे, रात्री 8:45

टाइल बसवायचाच धंदा आहे माझा, म्हणून लिहितो. गुळगुळीत व्हिट्रिफाइड घेऊ नका. आमच्या भाच्यानं घेतली होती, पांढरी, आरशासारखी. त्याचा ड्रॅगन किड्यामागे धावला की मागचे पाय दोन्हीकडे फाकायचे. नखांचा नुसता टकटक आवाज, पकड काही नाही. वाढत्या जनावराच्या सांध्यांना हे चांगलं नाही. बाथरूमच्या जमिनीला घालतात ती मॅट, अँटी-स्किड, 300 बाय 300 ची घ्या. बोट फिरवलं की बारीक खरखर लागली पाहिजे. नखं त्यावर आपोआप झिजतात. फार खडबडीत घेतली तर खाचेत शी अडकते, तेही बघा.

बास्किंगच्या जागेला एक युक्ती सांगतो. ओट्याला सिंक बसवताना ग्रॅनाइटचा मधला तुकडा कापून काढतात. तो बहुतेक घरी कोपऱ्यात पडून असतो, नाहीतर ग्रॅनाइटवाल्याच्या अंगणात. पॉलिशची बाजू खाली करा आणि करवतीची खरखरीत बाजू वर. काळा असेल तर उत्तम, ऊन लवकर धरतो. चारी कडांवरून पॉलिश पेपर मारून घ्या, कापलेली कड ब्लेडसारखी असते.

माप पेटीच्या आतून घ्या. शक्यतो जाड कागदाचा साचा कापा, तो आत बसवून बघा आणि मग टाइल कापा. ग्राउट (टाइलच्या फटीत भरायचा लेप) भरू नका, घाण पितो.

---

टिळकवाडीची_अक्का | 5 जून, रात्री 9:15

झालं एकदाचं. सविस्तर लिहिते, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

पीयूचे तीन हात दिले, आठ दिवस गॅलरीत उघडी ठेवली. मग तळ आणि भिंती यांच्या सांध्यात मत्स्यालयाचं सिलिकॉन भरलं. बुरशीनाशक घातलेलं बाथरूमचं सिलिकॉन दुकानदार देत होता, ते घेतलं नाही. पहिले दोन दिवस व्हिनेगरसारखा उग्र वास, चौथ्या दिवशी काहीच नाही.

आता चूक. फिटरदादांनी सांगूनही मी दुकानात "4 बाय 2 ची पेटी आहे" एवढंच सांगितलं आणि आठ टाइल आणल्या. 300 च्या चार म्हणजे 1200, चार फूट म्हणजे 1219, मस्त बसणार असा हिशोब केला. पण दोन्ही बाजूंचा 18 मिमीचा प्लाय वजा केला तर आतून 1183 च राहतात! शेवटच्या दोन टाइल आत जाईनात. मग घरी येऊन वर्तमानपत्राचा साचा कापला, कडेला तीन-तीन मिमी मोकळे सोडले, आणि शेवटच्या रांगेतल्या दोन्ही टाइल कापून आणल्या. रुंदीच्या बाजूनंही थोडं कापावं लागलं. कापणारा माणूस कन्नड बोलणारा, मी हातवारे करून "स्वल्प, स्वल्प" म्हणत होते, त्यानं मिलिमीटरही इकडे तिकडे होऊ दिला नाही.

टाइल चिकटवल्या नाहीत. खाली किचनच्या फळीत घालतात ती जाळीची रबरी मॅट, वर टाइल एकमेकींना घट्ट भिडवून. हलत नाहीत, आणि हवी ती उचलून धुता येते. जांभादादा, दर महिन्याला एक टाइल उचलून खालचा प्लाय बघायचा असं ठरवलंय. किडे फटीत जाऊ नयेत म्हणून मोकळे सोडतच नाही, चिमट्यानं भरवते नाहीतर उभ्या कडेच्या वाटीत. रात्री मागे राहिलेले क्रिकेट (रातकिडे) गुंडूलाच चावतात.

ग्रॅनाइटचा तुकडा जाऊबाईंच्या घरून मिळाला. दोन विटांवर ठेवला, वर हॅलोजन दिवा. सकाळी 8 ला दिवा लावला तर दगड 40 वर यायला साडेनऊ वाजतात, कागदावर हेच अर्ध्या तासात व्हायचं. म्हणून आता दिव्याला टायमर लावून तो सातलाच चालू करते. संध्याकाळी मात्र लाइट गेली तरी अर्धा-पाऊण तास दगड कोमट राहतो. गार बाजूची टाइल 26. दगडाच्या खालून हीट मॅट वगैरे काही नाही, पोटाखालून येणारी उष्णता त्यांना नीट कळत नाही आणि भाजतं, हे डॉक्टरांनी बजावलं होतं.

पहिल्या दिवशी गुंडू एकेक पाऊल उचलून, जीभ लावून लावून पुढे सरकत होता. दुपारी दगडावर चढला आणि पोट पसरून सपाट झाला. दाढी खाली टेकलेली, तोंड किंचित उघडं. मी अर्धा तास तिथेच बसून राहिले.

---

शहापूरकर | 5 जून, रात्री 10:00

वा अक्का, मनापासून अभिनंदन. एक सांगायचं राहिलं होतं. टाइल आणि ग्रॅनाइटवर व्हिनेगर-पाणी चालतं. पण जे शहाबादी, कडप्पा किंवा कोटा घालणार असतील त्यांनी व्हिनेगर, लिंबू जवळ आणू नका. हे तिन्ही चुनखडीचे दगड. मी पहिल्याच आठवड्यात व्हिनेगर मारलं, फरशीवर बारीक फेस आला, मला वाटलं घाण निघते आहे. वाळल्यावर तिथे पांढुरके खडबडीत डाग. ते तसेच आहेत, आणि त्या डागांत घाण लवकर बसते. दगडाला गरम पाणी आणि सौम्य साबण, नंतर दोनदा स्वच्छ पाणी. जंतुनाशक लागलंच तर क्लोरहेक्सिडिन पाण्यात मिसळून.

---

टिळकवाडीची_अक्का | 16 जून, सकाळी 6:50

मंडळी, काळजीत आहे. गेले तीन दिवस गुंडू गार बाजूच्या कोपऱ्यात टाइल खरवडतोय. रात्री दिवे गेल्यावरही. खर्रखर्र, खर्रखर्र, थांबतच नाही. परवापासून खाणं सोडलंय, पोट फुगलंय. पुन्हा तुंबलं का? पण वाळू तर नाहीच आता. टाइल घातली ते चुकलं का?

---

निपाणीची_माती | 16 जून, सकाळी 7:05

अक्का, घाबरू नका, शेपटी हळूच वर करा, फार वाकवू नका. शेपटीच्या मुळाशी खालून दोन बाजूंना दोन उंचवटे आहेत, की मध्ये एकच? पोटात द्राक्षांसारखं काही हाताला लागतं का?

---

टिळकवाडीची_अक्का | 16 जून, सकाळी 7:30

मध्ये एकच. आणि होय, गोल गोल लागतंय!

---

निपाणीची_माती | 16 जून, सकाळी 7:40

गुंडू मादी आहे. नर नसला तरी या वयात अंडी धरतात, ती उबत नाहीत एवढंच. ती उकरायला जागा शोधते आहे आणि तिला सगळीकडे टाइल लागते आहे. जागा मिळाली नाही तर अंडी आत अडकतात, त्यात जीव जाऊ शकतो. आजच्या आज करा.

खोल प्लास्टिकचा टब घ्या, ती आत फिरू शकेल एवढा. माती-वाळू अर्धी अर्धी, निदान आठ इंच. पाणी घालून मूठ आवळली की गोळा राहील पण बोटांतून पाणी गळणार नाही, एवढीच ओली. दाबून बसवा, नाहीतर बीळ ढासळतं. बोटानं एक तिरकं भोक सुरुवातीला करून द्या. तिला आत ठेवा, वरून ऊब द्या, माती 27-28 वर राहू दे, आणि खोलीतून निघून जा. कुणी बघत असेल तर त्या थांबतात. उद्या संध्याकाळपर्यंत काही झालं नाही, किंवा मलूल होऊन मागचे पाय ओढायला लागली, तर घरगुती काही न करता थेट डॉक्टर.

---

खानापूरचा_जांभा | 16 जून, सकाळी 8:10

अक्का, माती माझ्याकडे चाळून, उन्हात तापवून पोत्यात भरलेली आहे. साडेनऊच्या बसनं बेळगावला येतोय, स्टँडवर देतो.

---

टिळकवाडीची_अक्का | 17 जून, रात्री 11:40

19 अंडी.

काल अकराला टब तयार झाला. पहिला तासभर नुसती बसून. मग पुढच्या पायांनी उकरायला लागली. मी दार लावून घेतलं. दुपारी चारला फटीतून बघितलं तर फक्त शेपटीचं टोक बाहेर. रात्री बाहेर काढली नाही. आज दुपारी ती वर येऊन नाकानं माती लोटत, डोक्यानं थोपटत होती, एवढी काळजीपूर्वक, की मला हात लावायचा धीर होईना. पोट सपाट, बाजूला कातडीच्या घड्या पडलेल्या. कोमट पाण्यात बसवली, पाणी प्यायली, कॅल्शियमची पूड लावलेले चार किडे खाल्ले, आता दगडावर झोपली आहे.

जांभादादा, पोतं भरून माती घेऊन पावसात आलात, चहासुद्धा न घेता परत गेलात. तुमचे उपकार कसे फेडू?

टब आता कायम राहणार. गार बाजूच्या दोन टाइल कमी करून तिथे तो बसवते. टाइल चिकटवल्या नव्हत्या ते किती बरं झालं. फिटरदादा, टबाची कड टाइलच्या पातळीपेक्षा फार वर येते, तिला चढायला काय करू? विटेची पायरी चालेल का?

---

चिकोडीचा_फिटर | 18 जून, सकाळी 6:30

वीट चालेल, पण तुमच्याकडे टाइलचे कापलेले तुकडे असतील. एका सपाट फळीवर सिलिकॉननं चिकटवा, खरखरीत बाजू वर, आणि उतरण करा. फळीला आधी पीयू द्या. सिलिकॉन या हवेत चार दिवसांत वाळणार नाही, आठ धरा. तोवर वीटच ठेवा.